गाडीतली चिमणी : ब्लोअरच्या आवाजाच्या नोंदी

शनिवार, ५ एप्रिल २०२५

आईला नेरुळला मावशीकडे सोडून आत्ताच वर्तकनगरला परत आले. रात्रीचे साडेनऊ. वही आजच सुरू करते आहे.

सकाळी कॅडबरी जंक्शनच्या सिग्नललाच आईनं कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं. "गाडीत चिमणी अडकलीय, ती ओरडते," एवढंच म्हणाली. मग कळवा, विटावा, दिघा, ऐरोली, घणसोली, तुर्भे असा सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत गप्प. यंत्र काढलं की तिला काहीच नीट ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणंही थांबतं. फेब्रुवारीपासून दर शनिवारी हेच चाललंय.

दोन महिने आम्ही सगळे तिला एकच उत्तर देत आलो : यंत्राची शिट्टी असेल. कानातला साचा सैल बसला की यंत्रातून बाहेर पडलेला आवाज परत त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते, हे खरं आहे. पण गुरुवारी ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन आलो. साचा घट्ट, यंत्र ठीक, शिट्टी नाही. म्हणजे आवाज गाडीत आहे आणि तो तिला पहिल्यापासून बरोबर ऐकू येत होता. हे आधी तपासायला हवं होतं. तिची माफी मागितली. "आता शोध," म्हणाली.

गाडीची माहिती : पेट्रोल हॅचबॅक, २०१६ सालची, ६१ हजार किलोमीटर. हाताने चालवायचा एसी, ब्लोअरला, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याला, चार आकडे. थंड-गरम करायचं बटण तारेवर चालतं, मात्र आतली हवा की बाहेरची हे ठरवणाऱ्या झडपेला छोटी मोटर आहे. गेल्या दिवाळीत ब्लोअरचे १ आणि २ हे आकडे बंद पडले होते, तेव्हा एका वर्कशॉपमध्ये पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर बदलून घेतला. त्यानंतर डॅशबोर्डला कोणी हात लावलेला नाही.

रविवार, ६ एप्रिल

पहाटे सहाला पार्किंगमध्ये, सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू व्हायच्या आत. सोबत लेक, तिचे कान घरात सगळ्यांत ताजे.

ठरवलं की एकही स्क्रू खोलायचा नाही. आवाज कशाच्या मागे धावतो, एवढंच आज बघायचं. इंजिनच्या वेगाबरोबर बदलला तर पट्टा, कंप्रेसर, अल्टरनेटर. चाकांबरोबर बदलला तर व्हेंटिलेशनचा संबंध नाही. पंख्याच्या आकड्याबरोबर बदलला तर ब्लोअर. बटण फिरवल्यावर दोन-चार सेकंदच आला तर झडपा.

किल्ली 'ऑन'ला, इंजिन बंद. ब्लोअर शून्यावर शांतता. १ वर टाकला आणि ड्रायव्हर सीटवरून मला ऐकू आली एक टकटक, बारीक आणि सलग. लेक मागून म्हणाली, "टकटक आहे, पण अजून एक चिक-चिक पण आहे ना?" मला नव्हती ऐकू येत. मग मी उतरून डाव्या सीटवर, आईच्या जागी जाऊन बसले.

तिथे होती. स्पष्ट. सहा-सात सेकंद काही नाही, मग चिक, चिक-चिक, थोडी थांबून पुन्हा. गुडघ्यांच्या समोर, ग्लोव्ह बॉक्सच्या मागून. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून बहुतेक गाड्यांत ब्लोअर डावीकडे ग्लोव्ह बॉक्सच्या मागेच असतो. तो माझ्यापासून हातभर लांब आणि आईच्या मात्र पुढ्यात. मी कायम गाडी चालवते, त्यामुळे त्या सीटवर ब्लोअर लावून मी कधी बसलेच नव्हते.

पुढचं भराभर. आकडा २ : टकटक जलद, चिमणी तुरळक. आकडा ३ : चिमणी जवळजवळ नाही. आकडा ४ : नुसता वारा. तोंडावर, पायांवर, काचेवर अशी हवा फिरवून पाहिली, फरक नाही. थंड-गरम, फरक नाही. आतली हवा-बाहेरची हवा बदलताना दोन सेकंद गुर्र आवाज येतो, तो झडपेच्या मोटरचा. त्या मोटरच्या प्लास्टिक गिअरचे दात तुटले तर झडप फिरताना ठक-ठक-ठक होतं आणि मग थांबतं. तो आवाज पंख्याच्या आकड्यामागे धावत नाही. आपला धावतो. झडपा बाद.

पंधरा मिनिटांनी चिमणी आपोआप बंद झाली. टकटक चालूच.

आजचा निष्कर्ष : आवाज दोन आहेत. दोन्ही इंजिन बंद असताना येतात.

बुधवार, ९ एप्रिल

ऑफिसातून येताना एका वर्कशॉपमध्ये दाखवली. "गॅस कमी आहे, भरून घ्या. नाही थांबला तर कंप्रेसर बघू." मी सांगितलं, इंजिन बंद असताना येतो. "ताई, सगळं एकमेकांशी जोडलेलंच असतं."

गॅस भरून घेतला नाही. कारण लिहून ठेवते, कारण हा सल्ला बऱ्याच जणांना मिळतो. कंप्रेसर फिरतो तो इंजिनच्या पट्ट्यावर. इंजिन बंद म्हणजे कंप्रेसर बंद, आणि कंप्रेसर बंद म्हणजे नळ्यांमधला एसीचा गॅस, आर-१३४ए, जागच्या जागी. जो गॅस हलतच नाही तो आवाज कसा करेल? गॅसचा म्हणून एक आवाज असतो खरा : एसी बंद केल्यावर काही सेकंद डॅशबोर्डच्या आतून येणारा स्स्स. दोन्ही बाजूंचा दाब एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सारखा होत असतो. तो निरोगी गाडीतही येतो. आपला आवाज तसा नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी गंज सोडवायचा स्प्रे जाळीतून आत मारायला सांगितलं. तेही केलं नाही. पुढे कळेल का ते.

शनिवार, १२ एप्रिल

पहाटे उपवनला गेले. तलावाच्या कडेला चालणारे येऊ लागले होते, म्हणून येऊरच्या रस्त्याकडे थोडी पुढे जाऊन गाडी लावली. फोन ग्लोव्ह बॉक्समध्ये, तोंड आतल्या बाजूला. आवाजाचा आलेख दाखवणारं एक फुकटचं अ‍ॅप घेतलंय.

आकडा १ वर अर्ध्या सेकंदाच्या पट्टीत टकटकीची ९ टोकं मोजली. म्हणजे सेकंदाला १८, मिनिटाला १०८०. आकडा २ वर अर्ध्या सेकंदात १३, म्हणजे मिनिटाला १५६०. पंख्याच्या एका फेऱ्याला एक टक, असं मानलं तर हे ब्लोअरचे फेरे म्हणून अगदी शोभणारे आकडे आहेत. पंख्याला काहीतरी चिकटलंय आणि ते दर फेऱ्याला पंख्याच्या घराला, म्हणजे भोवतीच्या आवरणाला, घासतंय.

आलेखात आकडा १ वर ७४० हर्ट्झच्या जवळ एक बुटका उंचवटाही दिसतो. तो पात्यांचा असणार : प्रत्येक पातं घराच्या कडेजवळून जाताना हवेला एक धक्का देतं, तेव्हा फेरे गुणिले पाती एवढे धक्के सेकंदाला बसतात. ७४० भागिले १८ केलं तर ४१ येतात. ब्लोअर बाहेर काढला की पाती मोजायची.

आणि चिमणी : ३००० हर्ट्झच्या आसपास एक सुईसारखं टोक. येतं, जातं, येतं.

घरी येऊन आईचा ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, कपाटातून काढला. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतची रेघ, डावीकडे बरी, २००० नंतर घसरगुंडी. वयानं ऐकू येणं कमी होतं ते असंच, बारीक आवाजांपासून सुरुवात. स, श, च, त ही व्यंजनं याच भागात असतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांना बोलणं ऐकू येतं पण उमगत नाही. यंत्र नेमका हाच भाग वाढवून देतं. म्हणजे चिमणीचे ३००० हर्ट्झ आईच्या कानात वाढून पोचतात, आणि तेही मावशीचं बोलणं जिथे असतं त्याच जागी.

ऑडिओलॉजिस्टना फोन केला. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : पंख्याची किंवा इंजिनची सलग घरघर यंत्र ओळखतं आणि दाबतं, पण तुटक-तुटक येणारा आवाज त्याला बोलण्यासारखा वाटतो, म्हणून तो जाऊ देतं. आईनं टकटकीबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, ते का, हे आता कळलं.

सोमवार, १४ एप्रिल

सुट्टी. आज खोललं.

आधी बॅटरीची ऋण बाजू सोडवली आणि थोडा वेळ थांबले, कारण डाव्या सीटची एअरबॅग ग्लोव्ह बॉक्सच्या वरच असते. ग्लोव्ह बॉक्सचे दोन्ही कान आत दाबले की तो खाली लोंबतो. मागे एसीच्या फिल्टरचं झाकण. खाली ब्लोअर, तीन स्क्रू आणि एक कपलर. तिसरा स्क्रू वरच्या कोपऱ्यात आहे, तिथे लांब पेचकस जात नाही. सीट पूर्ण मागे सरकवून, पाठीवर झोपून, आखूड पेचकसाने निघाला. त्या एका स्क्रूला वीस मिनिटं गेली. प्रत्येक पायरीचे फोटो काढले.

ब्लोअर हातात आला आणि शेंग दिसली. सोनमोहोराची, वाळलेली, तांबूस तपकिरी, दोन पात्यांच्या मध्ये उभी अडकलेली, चारेक सेंटीमीटरचा तुकडा. बाहेरचं टोक घासून गुळगुळीत झालेलं. आमच्या पार्किंगवर दोन सोनमोहोर आहेत. एप्रिलमध्ये गाडीवर पिवळा सडा पडतो तो त्यांचाच, आणि शेंगा त्याच्याही आधीपासून गळत असतात. वायपरखालच्या काळ्या पट्टीतून बाहेरची हवा आत जाते, तिथली जाळी एका कोपऱ्यात तुटलेली. आमच्या गाडीत हवेच्या वाटेवर फिल्टर ब्लोअरच्या नंतर, कूलिंग कॉइलच्या आधी बसतो. म्हणजे जे आत पडेल ते पहिल्यांदा पंख्यावरच पडतं.

पाती मोजली. एकदा मी, एकदा लेकीनं. ४१.

पंख्याच्या कडेला एक छोटी पोलादी चिमटी आहे, ती तशीच ठेवली. कारखान्यात तोल साधायला लावतात. कचरा समजून काढली तर अख्खा डॅशबोर्ड थरथरेल. पंखा कोरड्या ब्रशने झाडला, ओल्या फडक्यानं पुसला. फिल्टर राखेच्या रंगाचा झाला होता, नवा घातला, ३५० रुपये. जोडून चालू केलं : टकटक गेली.

बुधवार, १६ एप्रिल

आईला दवाखान्यात नेलं. कॅडबरी जंक्शन. यंत्र डबीत.

"टकटक गेली ना पण?"

"तिचा मला कधी त्रास नव्हता गं. चिमणी आहेच."

मला जो आवाज ऐकू येत होता तो मी आधी काढला. तिला जो ऐकू येत होता तो राहिला.

रविवार, २० एप्रिल

आजची नोंद मोठी आहे.

सकाळी ब्लोअर पुन्हा काढला, आता दहा मिनिटांत. या वेळी घरीच आणला. पंखा दांड्यावरून खेचून वेगळा केला, त्याआधी तो कोणत्या बाजूला बसतो याची मार्करने खूण केली. नुसती मोटर हॉलमधल्या इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची होती. सरळ जोडली तर ती पूर्ण वेगानं फिरणार आणि चिमणी गप्प बसणार. म्हणून मधे फ्यूज, आणि फ्यूजच्या पुढे हेडलाइटचा जुना हॅलोजन बल्ब घातला. बल्ब मिणमिणतो, व्होल्टेज खाली येतं, मोटर हळू फिरते. गाडीत आकडा १, २, ३ ला हेच काम रेझिस्टर करतो. चौथ्या आकड्याला मधे काहीच नसतं. रेझिस्टर तापतो, म्हणून त्याला ब्लोअरच्याच वाऱ्याच्या वाटेत बसवलेलं असतं.

आईला खुर्ची टेबलापाशी ओढून दिली. यंत्र कानात. मोटर फिरली. काही नाही. मग चिक.

ती पुढे वाकली. "हीच. थांब, बंद करू नकोस." डोळे मिटून मिनिटभर ऐकलं. "ही तेलाला आलीय. पायमशीनला तेल नसलं की असंच ओरडतं. जोरात चालवलं की गप्प, हळू चालवलं की परत."

आई नौपाड्याच्या चाळीत वीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवायची. मशीन अजून आतल्या खोलीत आहे. मी आठ दिवस आलेख काढत होते आणि तिनं एका मिनिटात सांगितलं.

ती म्हणाली ते यंत्रशास्त्रानंही बरोबर आहे. या मोटरचा दांडा बॉल बेअरिंगमध्ये नाही, पितळी रंगाच्या बुशमध्ये फिरतो. ही बुश ओतीव नसते. कांस्याची भुकटी दाबून, भाजून बनवतात, त्यामुळे तिच्या अंगात स्पंजासारख्या बारीक पोकळ्या राहतात, आकारमानाचा साधारण पाचवा भाग. त्यात तेल मुरवलेलं असतं. दांडा फिरला, बुश कोमट झाली की तेल बाहेर येऊन दांड्याभोवती पातळ थर धरतं. थांबली की परत शोषलं जातं. वेग जास्त असेल तर थर टिकतो. वेग कमी आणि तेल आटलेलं असेल तर दांडा धातूला क्षणभर चिकटतो, सुटतो, चिकटतो, सुटतो. ती चिमणी. रात्रभर उभी राहिल्यावर पहिली पंधरा मिनिटं आणि आकडा १ वरच का, ते यात बसतं. आई गाडीत कायम आकडा १ लावते, जास्त वारा तिला सोसत नाही.

काकांचा स्प्रे का मारला नाही ते यामुळेच. गंज सोडवणारं द्रव पातळ असतं. पोकळ्यांत उरलंसुरलं तेल असेल ते धुऊन नेतं, दोन दिवस गप्प करतं आणि बुश आणखी कोरडी ठेवतं.

पण तेल आटलं का? तेवढ्यात लेक १४ तारखेचे फोटो मोठे करून बघत होती. "आई, मोटरच्या बुडाशी ही तोटी कशाची? तिच्यात काहीच बसवलेलं नाही."

पार्किंगमध्ये जाऊन टॉर्च मारला. ब्लोअरच्या घराला एक तशीच तोटी, आणि खाली गालिच्याच्या घडीत पडलेला रबराचा वाकडा पाइप, बोटाएवढा. पंख्याच्या दाबातली थोडीशी हवा या पाइपातून मोटरच्या पोटात जाते आणि तिला थंड ठेवते. तो पाइप ब्लोअर काढल्याशिवाय निघत नाही. मी खोलण्याआधी ब्लोअर एकदाच निघाला होता, दिवाळीत, रेझिस्टर बदलताना. म्हणजे नोव्हेंबरपासून मोटर आपल्याच उष्णतेत भाजत होती आणि फेब्रुवारीत आईनं पहिल्यांदा चिमणी म्हटलं. तारखा जुळतात.

आईनं शिलाई मशीनची तेलाची कुपी स्वतः आणली. वरच्या बुशपाशी तीन थेंब तिनं घातले, माझा हात मधे येऊ दिला नाही. दांडा हाताने फिरवत राहिलो. खालची बुश बंद टोपीच्या आत आहे, तिथे कुपी पोचत नाही. मोटर लावली : चिमणी नाही. पाइप बसवला, सगळं जोडलं.

शनिवार, २६ एप्रिल

नेरुळ. जाताना चिमणी नाही. येताना नाही.

सोमवार, २८ एप्रिल

आहे. सकाळी ऑफिसला जाताना, तीन हात नाक्यापाशी, आता मला ड्रायव्हर सीटवरूनही ऐकू आली. डावीकडे वळताना वाढते, उजवीकडे वळताना थांबते. दांडा बुशमध्ये सैल असला पाहिजे, वळणावर गाडी एका अंगाला कलली की तो दुसऱ्या कडेला टेकतो. बुश झिजली असेल तर नुसतं तेल पुरणार नाही.

शनिवार, ३ मे

वागळे इस्टेटमध्ये एका जुन्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे. दुकान म्हणजे एक शटर, भिंतीला लावलेल्या स्टार्टर मोटरी, आणि एक म्हातारे चाचा. मी मोटर पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. त्यांनी चालू न करताच दांडा दोन बोटांत धरून हलवला.

"ताई, बुश अंडाकृती झालीय. नवीन मोटर घ्याल तर चार हजारांच्या आसपास. ही दुरुस्त होईल. घाई आहे का?"

"घाई नाही. पण परत आवाज नको."

"मग सोमवारी या. बुश रात्रभर तेलात ठेवावी लागते. काही जण तशीच ठोकतात, मग महिन्यात ओरडते."

मोटर खोलताना मला बघू दिलं. वरच्या बुशमध्ये तेलाच्या जागी काळा डिंक झाला होता. खालची बरी, तरी दोन्ही बदलायच्या ठरल्या. फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे कार्बन अर्ध्याहून जास्त शिल्लक. ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर काळवंडलेला, बारीक पॉलिश पेपरने पुसून, तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा त्यांनी सुईनं साफ केल्या. नव्या बुश एका वाटीत तेलात टाकल्या आणि वाटी कोमट तव्यावर ठेवली. तेल शिलाई मशीनच्या तेलापेक्षा दाट. "मशीनचं तेल पातळ असतं. डॅशबोर्डच्या उन्हात वाहून जातं," म्हणाले. बुशमधून बारीक बुडबुडे येत होते, पोकळ्यांमधली हवा निघून तेल आत जात होतं. मी बराच वेळ उभी राहून बघत होते.

खोलण्याआधी त्यांनी करंट मोजायला लावला होता : पंख्याशिवाय ३.१ अँपिअर.

सोमवार, ५ मे

मोटर मिळाली. पंख्याशिवाय २.२ अँपिअर. ८५० रुपये. जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि तो सगळा रेझिस्टरमधून जातो. मागचा रेझिस्टर का जळला असेल याचा अंदाज यातून येतो, पण त्या वेळी कोणी मोजलं नव्हतं, म्हणून नुसता अंदाज म्हणूनच लिहिते.

रात्री पार्किंगमध्ये बसवली. तिसरा स्क्रू. थंड हवेचा पाइप बसल्याचा फोटो काढला आणि ओढूनही पाहिला.

मंगळवार, ६ मे

पहाटे येऊरच्या रस्त्याला, त्याच जागी, फोन तसाच ग्लोव्ह बॉक्समध्ये. आकडा १. तीस मिनिटं सलग रेकॉर्ड केलं, इंजिन चालू ठेवून, बॅटरी उतरू नये म्हणून.

३००० हर्ट्झचं टोक नाही. एकदाही नाही. पात्यांचा उंचवटा ७४० वरून ८२० ला सरकलाय. ८२० भागिले ४१ म्हणजे सेकंदाला २० फेरे, आधी १८ होते. तोच आकडा, तोच रेझिस्टर, पण पंखा थोडा जोरात फिरतोय. दांडा मोकळा झाला म्हणून असेल, पण इंजिन चालू असताना व्होल्टेजही थोडं जास्त मिळतं, म्हणून नक्की सांगता येत नाही. आईला सांगितलं. तिला आकड्यांत रस नव्हता, तिनं चाचांनी बुश किती वेळ भिजवली ते विचारलं.

रविवार, ११ मे

वायपरखालची पट्टी काढली. दोन मुठी सोनमोहोराच्या पाकळ्या, शेंगा, एक बस तिकीट. तुटलेल्या जाळीच्या जागी सहा मिलीमीटर चौकोनाची स्टीलची जाळी कापून केबल टायने बांधली. दुकानदार मच्छरदाणीची बारीक जाळी देत होता. ती नको, ओल्या पाकळ्या तिच्यावर थापल्या जातात आणि हवा अडते.

याच खळग्यात पावसाचं पाणी उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जातं. डावीकडचं भोक पाकळ्यांच्या लगद्यानं बुजलेलं होतं. तसंच राहिलं असतं तर पाणी साठून ब्लोअरच्या तोंडातून आत आलं असतं, नव्या बुशवर. तार घालून मोकळं केलं. बादलीभर पाणी ओतून पाहिलं, चाकामागून सरळ खाली आलं.

बुधवार, २८ मे

पाऊस यंदा २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. दोन दिवस गाडी उघड्यावर धो-धो पावसात. डाव्या सीटच्या पायापाशी हात फिरवून बघितलं : कोरडं. ब्लोअर चारही आकड्यांवर चालवला. जाळीवर ओली पानं होती, हाताने काढली. पावसाळाभर दर रविवारी काढावी लागतील.

शनिवार, ३१ मे

नेरुळहून मावशीला घेऊन ठाण्याला आलो, ती आठ दिवस राहणार आहे. आई पुढे डाव्या सीटवर, मावशी तिच्या मागे. पाऊस, काचा बंद, ब्लोअर १ वर. आईनं स्वतः लावला.

तुर्भ्यापासून दोघींचं लोणच्यावरून सुरू झालं. मावशीच्या मते मोहरीची डाळ भाजून घ्यायची, आईच्या मते कच्चीच, नाहीतर झणका जातो. मावशी मागून बोलत होती आणि आई समोर बघतच, मान न वळवता उत्तर देत होती. ऐरोलीला मी हळूच विचारलं, "ऐकू येतंय का नीट?" तिनं मला हातानंच गप्प केलं, मावशी हिंगाचं काहीतरी सांगत होती. विटाव्याला पुलाखाली पाणी साचलं होतं, वीस मिनिटं अडकलो. कळव्याला पोचलो तेव्हा दोघी वडिलांच्या दुकानापर्यंत गेल्या होत्या, मी कधी न ऐकलेल्या गोष्टीपर्यंत. कॅडबरी जंक्शन आलं. यंत्राची डबी पर्समध्येच, बंद.

वडिलांच्या दुकानाची गोष्ट अर्धी राहिली. गाडी पार्किंगला लावल्यावर दोघी उतरल्या नाहीत. मी किल्ली 'ऑन'ला ठेवून, ब्लोअर १ वर ठेवून ती पुरी ऐकली.